अक्काला पाठवायची रेघ

अक्काच्या पत्राचं उत्तर राहून गेलं होतं. पत्र उशीखाली होतं आणि बाइंडरला ते तोंडपाठ झालं होतं. 'शिडीवरून पडलास, मानेला लागलं, सगळं कळलं. मला फोनवर ऐकू येत नाही, तुला ठाऊक आहे. लिहिता येत नसेल तर नुसती रेघ ओढ, पण स्वतः ओढ. बायकोच्या अक्षरात पाकीट आलं तर न फोडता परत पाठवीन.'

थोरल्या बहिणीचा असला दम त्याला लहानपणापासून ओळखीचा. पण जन्मभर पुस्तकं शिवलेली बोटं आता त्याचं ऐकत नव्हती. बायको कागद घेऊन बसायची. "सांगा, मी लिहिते." तो भिंतीकडे तोंड करायचा. अक्काची ऐंशी कधीच उलटली होती. वाट बघता बघता ती गेली तर, हा एकच विचार त्याला पोखरत होता.

त्या दिवशी इस्पितळातल्या व्यायामाच्या खोलीत बायको त्याचं मनगट मागे वाकवून एकेक बोट तेल लावून सरळ करत होती. नवी थेरपिस्ट येऊन उभी राहिली.

"काकू, हे रोज करता?"

"रोज संध्याकाळी. नाहीतर मुठी वळून बसतात. बघा, कशी सरळ ठेवलीत!"

थेरपिस्टने त्याचा हात स्वतःच्या हातात घेतला. "काका, मनगट वर उचला."

तेवढं त्याला जमायचं. मनगट उठलं. बोटं मात्र तशीच लोंबत राहिली.

"मानेतल्या मज्जारज्जूला मार बसलाय," ती म्हणाली. "मेंदूचा निरोप मनगटापर्यंत पोचतो, बोटांना पोचत नाही. पण बोटं ओढणाऱ्या दोऱ्या मनगटावरून जातात. मनगट वर गेलं की त्या ताणल्या जातात आणि बोटं आपोआप मिटतात. तीच पकड. मात्र मनगट असं मागे, वर ठेवून बोटं रोज सरळ ओढली, तर त्या दोऱ्या सैल पडतात."

"शिलाईचा दोरा!" बाइंडर एकदम ओरडला. "ढिला पडला की पानं धरत नाही!"

"अगदी तसंच."

बायकोने तेलाची वाटी पाठीमागे लपवली. "म्हणजे मीच यांचा हात..."

"मायेनं केलंत, काकू. आता मनगट वर असेल तेव्हा बोटं मिटू द्यायची. सरळ करायची ती मनगट खाली वाकवूनच. वेळ गेलेली नाही. बहुतेक."

त्या 'बहुतेक'ने दोघांची झोप उडवली.

संध्याकाळ झाली की बायकोला चैन पडेना. "हात शिवशिवतात हो."

"मग पाय चोळ."

"पायांना काय कळतंय तुमच्या?"

"तुझ्या हातांना कळेल."

ती हसली आणि पाय चोळू लागली. बोटं हळूहळू आत वळत गेली. ती वाकडी होताना बघून तिचा जीव तुटायचा, पण तिने हात लावला नाही.

आणि एका सकाळी थेरपिस्टने त्याच्या अंगठ्यात आणि बोटात कोरं पाकीट सरकवलं. "मनगट वर."

मनगट उठलं. बोटं मिटली. पाकीट पडलं नाही!

"अगं, बघ! बघ की!"

बायकोने पाकिटाचं टोक ओढून पाहिलं. "सोडा!"

"नाही सोडत!"

"अहो, फाटेल!"

"फाटू दे, दुसरं आण! शंभर आण!"

शेजारच्या खाटांवरचे माना वळवून बघू लागले. बायको हसत होती आणि डोळे पुसत होती.

मग त्याने पेन मागितलं. खांद्यातून जोर लावून रेघ ओढली. ती चढत चढत कागदाबाहेर गेली.

"ही काय, गोगलगाय फिरायला निघाली?" बायको म्हणाली.

"अक्काला चालेल." खाली त्याने 'तुझा भाऊ' असं लिहिलं. पाकिटावरचा पत्ता लिहिण्यात सगळी दुपार गेली.

फाटकापाशी भिंतीत टपालपेटी होती. बायकोने चाकाची खुर्ची थेट तिच्यापाशी नेली आणि सवयीने हात पुढे केला. "द्या, टाकते."

"थांब. कोपराला आधार दे, बस्स."

तिने कोपर तोललं. बोटांना शिवली नाही. पाकिटाचं टोक फटीत गेलं. बाइंडरने मनगट खाली सोडलं आणि त्याची वाकडी बोटं आपोआप उघडली.