मुरत ठेवलेला अननस

तिने बरणीचं झाकण फिरवून पाहिलं, तर ते आणखी अर्धा वेढा फिरलं. म्हणजे आजही कुणीतरी उघडलं होतं.

बरणी तिने खिडकीच्या उजेडात धरली. अननसाच्या फोडी, संत्र्याच्या सालीच्या पट्ट्या आणि गळ्यापर्यंत रम. पातळी जिथल्या तिथे होती. पाणी घालून सारखी केली असेल, असंही मनात आलं. चमचा बुडवून जिभेला लावला तर कडकपणा शाबूत. तरी तिने बरणी सगळ्यात वरच्या फळीवर सरकवली. लेक ठमी आता कुठे धरून धरून चालायला लागली होती, फळी तिच्यापासून कोसभर लांब, पण हिचा जीव थाऱ्यावर नसे.

एरवी हे काम नवऱ्याचं. जहाजावरून सुट्टीला आला की बॅगा तशाच टाकून तो अननस सोलायला बसायचा आणि घरभर तो वास भरून राहायचा. यंदा दारातच त्याच्या हातात ग्लास द्यायचा, म्हणून तिने त्याला न सांगता बरणी भरून ठेवली होती. लेकराच्या घरात ही बला कशाला, म्हणून सासूबाईंनी तेव्हाच नाक मुरडलं होतं.

संशय अर्थातच जेवायला येणाऱ्या धाकट्या दिरावर. तिने आडून आडून विचारलं, तर तो हसतच सुटला.

"वहिनी, मी हात लावला असता तर बरणी रिकामी सापडली असती."

दुपारी नवऱ्याचा फोन आला. त्याच्या जागी यायचा माणूस आलाच नव्हता, जहाज पुढच्या बंदराला निघालं होतं. आता उन्हाळा सरल्यावरच. ती बरं म्हणाली. जेवतोस ना वेळेवर, म्हणाली. ठेवता ठेवता त्याने विचारलं,

"अननस आले का गं बाजारात?"

"आलेत. पण चांगले नाहीत यंदा."

फोन ठेवून ती फोडी टाकून द्यायलाच उठली, आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. गुडघ्यांनी जेरीला आलेल्या सासूबाई स्टुलावर उभ्या होत्या. एका हातात झाकण, दुसऱ्या हाताने बरणी छातीशी धरलेली. पीत नव्हत्या. डोळे मिटून नुसता वास घेत होत्या.

ती पावलं न वाजवता मागे गेली. मग चपला फटफटवत पुन्हा आली. तोवर बरणी फळीवर आणि सासूबाईंच्या हातात फडकं.

"वर धूळ केवढी साठलीय, बघितलंस?"

"उतरा आधी. मी पुसते." तिने हात दिला. उतरल्यावरही तो सोडला नाही. "आई, त्याचा फोन होता."

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

उन्हं उतरल्यावर तिने बरणी खाली घेतली. रम गाळली, लिंबू पिळलं, सोडा ओतला. दोन ग्लास केले आणि एक सासूबाईंपुढे ठेवला. आता बोलणी बसणार, अशा तयारीने ती उभी राहिली.

सासूबाईंनी ग्लास नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला.

"बर्फ कमी घालायचास. दात ठणकतात माझे."

तिने दोन खडे काढून आपल्या ग्लासात टाकले. उरलेल्या फोडी पुन्हा बरणीत भरल्या, वर थोडी रम ओतली. झाकण लावलं, आणि अर्धा वेढा सैल ठेवून बरणी स्टुलाशिवाय सासूबाईंचा हात पोचेल अशा मधल्या फळीवर ठेवली.