कोरडी गाठ

बास मासा सावलीत बसतो. पाण्यात ओंडका पडला असेल तर त्याच्या उन्हाच्या बाजूला गळ टाकणारा माणूस गाढव समजावा. आमिष माशाच्या डोक्यावर आपटायचं नाही. पलीकडे टाकायचं आणि त्याच्या नाकासमोरून लंगडत न्यायचं. त्याने रबरी किडा तोंडात घेतला की लगेच हिसका द्यायचा नाही, दोरी बाजूला सरकायला लागली की द्यायचा. आणि मासा उडी मारायला वर येतोय असं दिसलं की रॉडचं टोक खाली, पार पाण्याला टेकेपर्यंत. उडी मारताना डोकं झटकूनच तो गळ भिरकावतो.

हे सगळं मला दादाने शिकवलं. एक गोष्ट सोडून.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलून जागेवर बसवणारी बोटं. मी कारखान्यात लेथवर. तिथे माझ्या हातून एक दांडा कधी सुताने चुकला नाही, साहेब लोक मला विचारून माप धरायचे. पण तलावावर माझं नाव निसटू. हे नाव दादानेच ठेवलं. छोटे मासे मला मिळायचे, पण दीड-दोन किलोचा लागला की काठापाशी येऊन सुटायचा. रीळ गुंडाळून बघावं तर दोरीचं टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं.

"टोक कुरळं झालं म्हणजे मासा जड आणि तुझा हात हलका," दादा सगळ्यांसमोर सांगायचा. "हात घरून आणावा लागतो रे, दुकानात मिळत नाही."

बावीस वर्षं. घरी वहिनी विचारायची, "काय निसटू, आज कोण गेलं?" पुढे माझी बायकोही तेच विचारायला लागली. माझ्या मुलीने तर शाळेच्या निबंधात लिहिलं, माझे बाबा दर रविवारी मासे सोडायला जातात. बाईंनी त्याखाली लाल शाईने 'छान' लिहिलं.

तलावाच्या वाटेवर आमिषाचं दुकान आहे. दुकानवाल्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. गल्ल्यामागच्या भिंतीवर एकच फ्रेम असते, तलावातल्या सगळ्यात मोठ्या बासची. चौदा वर्षं तिथे दादा होता, हातात तीन किलो नऊशेचा मासा. या उन्हाळ्यात तलावावर येणाऱ्या एका न्हाव्याने चार किलो शंभरचा काढला. मावशींनी दादाचा फोटो उतरवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. नियम म्हणजे नियम.

त्याच महिन्यात डॉक्टरांनी दादाला सांगितलं, काचबिंदू. उजवा डोळा गेलाच होता, डाव्याला सहा महिने दिले. दादाला सावल्या दिसत होत्या, माणसं आकारावरून कळत होती, पण गळाच्या भोकात दोरी जाईना.

"रविवारी ये," त्याने फोन केला. "डोळे पुरते जायच्या आत मला तो न्हावी भिंतीवरून खाली हवाय. एवढं झालं की कायमचा अंधार झाला तरी चालेल. गाठ तेवढी तू बांध. काय दिवस आलेत बघ, निसटूच्या गाठीवर जगायचं."

शनिवारी मी नवी दोरी घ्यायला दुकानात गेलो. मावशी एका गिऱ्हाइकाचा गळ बांधत होत्या. दोरीचे वेढे घातले, गाठ तोंडात धरून ओली केली आणि मग सावकाश आवळली.

मी म्हटलं, "मावशी, थुंकी कशाला?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "कोरडी आवळली तर नायलॉन घासून जळतं बाबा. छोटा मासा येतो, मोठ्याला सुटते. टोक कुरळं दिसलं की समजायचं, गाठ सुटली. दगडाला घासली असती तर टोक खरखरीत लागलं असतं. तुला माहीत नाही? तुझ्या दादानेच तर मला शिकवलंय."

मी दोरी घेऊन घरी आलो. दादा प्रत्येक गाठ तोंडाशी नेतो, हे मी बावीस वर्षं बघत होतो. मला वाटायचं, उरलेलं टोक दाताने तोडतोय. एकदा विचारलंही होतं. तो म्हणाला होता, "टोक तोडतोय. कात्री कोण शोधत बसणार!"

रविवारी सकाळी आम्ही ओंडक्यापाशी पोचलो. दादा उकिडवा बसला. मी गळ ओवला, वेढे घातले. तोंड माझ्याकडे होतं, थुंकी माझ्याकडे होती. गाठ कोरडीच आवळली. बोटाला चटका बसला. बावीस वर्षं तो चटका मला कामाचा भाग वाटत आला होता.

"झाली?"

"झाली."

दादाने ऐकून गळ टाकला. खरंच, ऐकून. पाण्याचा ओंडक्याशी होणारा आवाज कुठे थांबतो त्यावरून. तिसऱ्या फेकीला त्याची मान ताठ झाली. दोरी सरकत होती. त्याने थांबून हिसका दिला आणि रॉडची कमान झाली.

मासा वर आला तेव्हा मी बघितला. एवढा बास मी आयुष्यात बघितलेला नाही. तोंड तांब्यासारखं उघडं, कल्ले फाकलेले.

"केवढा?" दादा ओरडला. "सांग ना रे, केवढा?"

"मोठा आहे."

"न्हाव्यापेक्षा?"

"खूप मोठा."

दादा हसत होता, लहान पोरासारखा, तोंड वर करून. त्याने रॉडचं टोक खाली घातलं, बरोबर वेळेला, न बघता. मासा उडी मारून पडला. मग एकदम रॉड सरळ झाला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

दादाने रीळ गुंडाळलं. चाचपत दोरीचं टोक धरलं, दोन बोटांत फिरवलं, मग ओठांवरून ओढलं.

"दगडाला घासली," मी म्हणालो.

त्याने टोक पुन्हा बोटांत फिरवलं. मग म्हणाला, "खरखरीत नाही लागत. गाठीचं कोणी सांगितलं तुला?"

"मावशींनी."

"हं."

"का नाही शिकवलंस, दादा?"

"आईला तू लाडका, बाबांना तू हुशार. कुठेतरी तू हरायला नको होतास?" त्याने ते कुरळं टोक दाताने तोडून खिशात टाकलं. "चल. आज तो परत लागणार नाही."

दुकानात न्हावी होता, आणखी तिघे होते. मावशी वजनकाटा पुसत होत्या. दादा दारातूनच म्हणाला, "पाच किलोच्या खाली नव्हता. काठाशी आणला होता." सगळ्यांनी माना वळवल्या. दादाने सुस्कारा सोडला. "गाठ निसटूने बांधली होती."

दुकान हसण्याने दणाणलं.

"दादा, तुम्हीपण ना! ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही त्याच्या हाती गळ दिलात?" न्हावी म्हणाला.

"मी मुद्दाम केलं," मी म्हणालो. "गाठ मुद्दाम कोरडी ठेवली. मला येते बांधता. मुद्दाम केलं मी!"

न्हाव्याने डोळे पुसले. "ऐका, ऐका! आता सुटलेले मासेपण हा नावावर लावणार!"

"नका रे चिडवू," दादा मायेने म्हणाला. "करतो बिचारा प्रयत्न. नसतं एखाद्याच्या हातात."

मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. मी त्यांच्याकडे बघितलं, सांगा ना यांना. त्या काटा पुसत राहिल्या. काटा चकचकीत होता.

दादाने रॉड न्हाव्यापुढे धरला. "उद्यापासून तू बांधून देत जा बाबा. थुंकी लावून." न्हावी लगेच हो म्हणाला. भिंतीवरचा माणूस, त्याला कसली भीती!

मग दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरी सोड मला. पुढे पायऱ्या किती आहेत रे?"

दोन होत्या. समोरच होत्या.

"एक," मी म्हणालो.

तो पहिली उतरला, थांबला, पायाच्या अंगठ्याने चाचपलं.

"दोन," म्हणाला, आणि नीट खाली उतरला.