दाराची रिबीन

सत्यशीलाने शाळेत हस्तकलेची जत्रा भरवायचं मनावर घेतलं ते एका पाण्याच्या बाटलीमुळे. तिची लेक ज्ञानेश्वरी चौथीत होती. सकाळी भरून नेलेली बाटली पोरगी संध्याकाळी जशीच्या तशी परत आणायची, कारण शाळेत मुलींच्या संडासाला दार नव्हतं. एकेकाळी होतं. ते हल्ली कुणाच्या शेळ्या राखतंय हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? मग पोरी पाणीच पीत नसत. शाळेला मधल्या काळात दोन पुरस्कार मिळाले, दार काही मिळालं नाही.

"दार, टाकी आन् नळ," सत्यशीला पालकसभेत म्हणाली. "एवढंच पायजे. पोरांनी आन् आयांनी केलेल्या वस्तू इकू, पैसं उभं करू."

शाळा समितीचा अध्यक्ष अजिनाथ याने सर्वांत आधी टाळी वाजवली. अजिनाथ मनाने वाईट नव्हता. त्याला फक्त सत्काराचं व्यसन होतं. त्याच्या दारात पोस्टमन पाणी प्यायला थांबला तरी नारळ घेऊन जातो, असं लोक म्हणत.

दसरा झाला की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यांवर निघून जातं, म्हणून जत्रा त्याच्या आधीच्या रविवारी धरली. सत्यशीला आणि शेजारची लंकाबाई पहाटेपासून मांडवात राबत होत्या. बाकांवर गोधड्या, तोरणं, कापडी पिशव्या, पोरांनी केलेले मातीचे बैल, ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या असं सगळं मांडून झालं. मांडवाच्या तोंडाशी दोन बांबूंना लाल रिबीन बांधली. ज्ञानेश्वरी गळ्यात बाटली अडकवून बैलांपाशी उभी राहिली.

अजिनाथने तीन शाली आणि तीन नारळ आणले होते. पाहुणे तीनच ठरले होते. पण सरपंच आले तसे माजी सरपंचही आले, मागून पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन, डेअरीचे चेअरमन, आणि चेअरमन व्हायची इच्छा असलेले चौघे. शाली संपल्या. माजी सरपंच मोकळ्या खांद्यांनी खुर्चीत बसून आभाळाकडे बघू लागले.

"वहिनी, एक गोधडी द्या," अजिनाथ कुजबुजला. "मानूस नाराज होऊन जाईल."

"भाऊ, ती इकायला हाय."

"एकच तर हाय! पुन्यांदा मागनार न्हाई."

सत्यशीलाने एक दिली, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. चार पदरी गोधडी पांघरलेले माजी सरपंच शालवाल्यांपेक्षा भारी दिसू लागले. मग सरपंचांनाही गोधडी हवी झाली. पोलीस पाटलांना दिली नसती तर कायदा कुठे राहिला असता? नारळ संपले तेव्हा हातात मातीचे बैल आले. फेटे आणलेच नव्हते, म्हणून अजिनाथने डोक्याला तोरणं बांधली. डेअरीच्या चेअरमनांच्या कपाळावर लोकरीचे पोपट लोंबत होते आणि त्यांचा चेहरा मोठ्या कृतज्ञतेचा होता. नंतर मांडव घालणाऱ्यांचा सत्कार झाला, माईकवाल्याचा झाला, सत्कार करणाऱ्यांचा झाला. सत्यशीला आडवी येत होती, हात धरत होती, पण प्रत्येक वेळी समोर कुणी तरी मान वाकवून उभा असायचा. वाकलेल्या मानेला नाही म्हणायची रीत गावात नव्हती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाकं रिकामी होती. आश्विनाच्या उकाड्यात सारं गाव गोधड्या पांघरून घामाने निथळत बसलं होतं. आणि रिबीन तशीच होती, कारण ती सरपंचांनी कापायची की माजी सरपंचांनी, याचा निकाल लागला नव्हता.

"आपली जत्रा शंभर टक्के यशस्वी झाली हाय," अजिनाथ माईकवर म्हणाला.

"आन् पैसं?" सत्यशीलाने खालून विचारलं.

अजिनाथने माईकवर हात ठेवला. "वहिनी, सत्कार केलेल्या मानसाकडं पैसं मागायचं? जनाची न्हाई तर मनाची ठेवा."

सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रडू येत होतं ते रागाचं. तिने वळून पाहिलं. ज्ञानेश्वरी रिकाम्या बाकामागे अजून उभी होती, ओठ सुकलेले, बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

सत्यशीला तरातरा पुढे गेली. तबकातली कात्री उचलली, अजिनाथच्या हातातून माईक घेतला आणि यात्रेत मानाच्या नारळाची बोली लावतात त्या सुरात ओरडली, "रिबीन कापायचा मान! बोला, कोन बोलतंय?"

मग माजी सरपंच बोलले. सरपंच त्यांच्या वर बोलले. गोधड्या गळून पडल्या. शेवटी मान माजी सरपंचांना गेला. त्यांनी टाळ्यांच्या गजरात रिबीन कापली. सरपंच पडलेल्या तोंडाने चपला शोधू लागले. सत्यशीलाने रिबिनीला गाठ मारली.

"सरपंच, जाताय कुठं? या टोकानं तुमी कापा की. हा आजी मान हाय, तो माजी हुता."

सरपंचांना ते पटलं. मग टोळीचा मुकादम गोरक्ष उठला. "परवा आमच्या गाड्या निघनार. सहा म्हैने गावाचं तोंड दिसायचं न्हाई. आमी काय घोडं मारलंय?" त्यानेही पैसे मोजून कापली. त्याच्यामागे रांग लागली. नवराबायकोने जोडीने कापली, एका आजोबांनी फोटो नीट आला नाही म्हणून दोनदा कापली. रिबीन संपली तेव्हा लंकाबाईने गोधड्यांसाठी आणलेल्या जुन्या लुगड्याचे काठ टराटरा फाडले आणि बांबूंना बांधत राहिली.

दिवस मावळेपर्यंत नुसतं उद्घाटन चाललं. मांडवात पुढे काय आहे, हे एकाही माणसाने विचारलं नाही. दार, टाकी आणि नळ यांना पुरून थोडे उरले.

दिवाळीनंतर काम झालं. निळ्या रंगाचं, आतून कडी असलेलं दार बसलं. सत्यशीलाने ते हाताने उघडून मिटून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला बाहेरून कुलूप होतं.

"उद्घाटनाबिगर कसं वापरायचं?" अजिनाथ म्हणाला. "सव्वीस जानेवारीला तालुक्याचे सायेब येनार हायेत."

सत्यशीला भांडली, तिने अर्ज दिला, पुन्हा भांडली. किल्ली अजिनाथच्या खिशात आणि बाटली भरलेलीच, असे अडीच महिने गेले. आपण उभं केलेलं दार आपल्याच लेकीला बंद, हे तिला जेवताना आठवायचं आणि ती ताट सारून उठायची.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. कुलूप निघालं. निळ्या दाराला आडवी लाल रिबीन लागली. साहेबांचा पत्ता नव्हता. ज्ञानेश्वरीने मात्र 'आज दार उघडनार' या आईच्या शब्दावर भरवसा ठेवून सकाळीच अख्खी बाटली पिऊन टाकली होती.

"आई," ती पाय आवळून म्हणाली.

"पाचच मिन्टं, बाळा," अजिनाथ घड्याळ बघत म्हणाला. "सायेब फाट्यावर आलेत."

सत्यशीलाने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग एका हाताने रिबीन वर उचलली. ज्ञानेश्वरी खालून वाकून आत गेली. दार मिटलं आणि कडी सरकली.

त्याच वेळी जीप फाटकातून आत आली. साहेब उतरले, अजिनाथने शाल घातली, तबक पुढे झालं. साहेबांनी कात्री उचलली. सत्यशीला दाराला पाठ लावून उभी राहिली.

"जरा थांबा," ती म्हणाली. "आत मानूस हाय."

अजिनाथ तबक धरून थांबला. साहेब कात्री धरून थांबले. सरपंच थांबले, माजी सरपंच थांबले, हारवाले, फोटोवाले, सारी शाळा थांबली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला.

कडी निघाली. ज्ञानेश्वरी वाकून बाहेर आली, ओले हात फ्रॉकला पुसले आणि रिकामी बाटली आईपुढे धरली.

"भरून दे," ती म्हणाली.