हलका हात

"माझ्या सूनबाईच्या टेबलाला लागा. काडी नाकात गेली कधी नि आली कधी, कळायचंसुद्धा नाही!"

तपासणी केंद्राच्या दारात सासरे रांगेला सल्ला देत होते. त्यांच्यामुळे सगळं केंद्रच तिला सूनबाई म्हणू लागलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या नर्सला लोकांनी 'सुई' नाव ठेवलं होतं. तिच्यासमोरून माणूस हमखास डोळे पुसत उठे. त्यामुळे तिकडे शुकशुकाट आणि इकडे ही रांग. सूनबाईला याचा अभिमान होता, आणि तो तिने फारसा लपवलाही नव्हता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. केंद्रात सध्या एक पडताळा चालू होता. प्रत्येकाच्या नाकातून काडीने नमुना घ्यायचा, त्याच माणसाची थुंकीही कपात घ्यायची आणि विषाणू कशात नीट सापडतो ते बघायचं. थुंकीवर भागलं तर लोकांचा त्रास तरी वाचेल.

"मग? थुंकी जिंकली ना?" सूनबाईने हसत विचारलं.

"मलाही आधी तसंच वाटलं. मग दोन्ही टेबलं वेगळी करून पाहिली. शेजारच्या टेबलावर नाक आणि थुंकी जवळजवळ एकच सांगतात. तुमच्याकडे थुंकीत विषाणू सापडतो आणि काडीवर काहीच नाही. एकदा नाही, कितीदा तरी."

सूनबाईला कळायचं ते कळलं. काडी नाकात पार मागे टेकवून तिथे फिरवायची असते. पण समोरच्याने तोंड वाकडं केलं, मान मागे घेतली, की तिचा हात तिथेच थांबायचा.

"लोकांना दुखतं हो," ती म्हणाली.

"दुखतंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "तुमच्या सासऱ्यांची मागच्या खेपेची थुंकी काल तपासली. त्यात आहे."

सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या खेपेला तिनेच घरी जाऊन सांगितलं होतं, "बाबा, काही निघालं नाही. बसा खुशाल आईंजवळ." ते बसले. आता सासूबाई दवाखान्यात ऑक्सिजनवर होत्या, आणि घराने खापर फोडलं होतं दूधवाल्यावर. त्याला दारातून परत पाठवताना सर्वांत मोठा आवाज तिचाच होता.

बाहेर सासरे तिच्याच खुर्चीवर हनुवटी वर करून बसले होते. आईंना भेटायचं तर नवा रिपोर्ट हवा होता.

"बाबा, आज शेजारच्या टेबलाला बसता का?"

"का? तुझा संप आहे?"

तिने काडी घातली. त्यांनी मान मागे घेतली, तसा तिने डावा हात त्यांच्या डोक्यामागे धरला आणि काडी टेकेपर्यंत आत नेली. फिरवली. म्हातारा खुर्ची घट्ट धरून 'आई गं' म्हणाला. डोळ्यांतून पाणी आलं.

"आज काय झालं गं तुझ्या हाताला?"

आईंना घरी येऊ दे, मग सांगू, असं आतून बाहेर येईपर्यंत तिने ठरवलंही होतं. पण त्यांचे ओले डोळे बघून तिला गप्प राहवेना.

"बाबा, मागच्या वेळी मी नमुना नीट घेतलाच नव्हता. तुम्हाला दुखू नये म्हणून. तुम्हाला तेव्हाच होतं. आईंना तुमच्याकडून गेलं असणार... माझ्यामुळे."

सासऱ्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं, रुमालाची पुन्हा घडी घातली. बराच वेळ ती घडी काही त्यांच्या मनासारखी बसेना.

"दूधवाल्याला निरोप द्यायला हवा," एवढंच म्हणाले आणि उठले.

"काय काका, नाही ना दुखलं?" रांगेतून कोणीतरी विचारलं. काका खाली मान घालून निघून गेले.

पुढची बाई खुर्चीत बसली. "तुमचा हात फार हलका आहे म्हणे," ती विश्वासाने म्हणाली.

सूनबाईने नव्या काडीचं पाकीट फोडलं.

"नाही हो," ती म्हणाली. "दुखेल."