चादरीत गुंडाळण्याची रीत

घरसामान हलवणाऱ्या टोळीत सगळे त्याला मुकादम म्हणत, आणि तेच नाव घरीही चिकटलं होतं. काचेचं कपाट असो की कुणाच्या आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ, मुकादमाने बांधलेल्या सामानाला ओरखडा पडत नाही अशी त्याची ख्याती. त्यामुळे बालवर्गाच्या बाईंनी बोलावून, तुमची मुलगी इतर मुलांना धडका देऊन पाडते असं सांगितलं, तेव्हा आपल्याच हातून काहीतरी फुटल्यासारखं त्याला झालं.

चार वर्षांच्या त्या मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी म्हणून ठरत नसे. स्वतःभोवती गरगर फिरे, सोफ्यावरून गादीवर उडी मारी, भिंतीवर जाऊन आदळे आणि वर हसे. पण कुणी केसांवरून हलकेच हात फिरवला, किंवा फ्रॉकच्या मानेशी शिवलेली पट्टी टोचली, की रडून घर डोक्यावर घेई. शाळेच्या रांगेत मागच्याचं बोट पाठीला लागलं तरी ती गर्रकन वळून त्याला ढकली. बाईंनी शब्द मऊ वापरले, पण मतलब कडक होता. सहामाहीच्या सुट्टीपर्यंत फरक पडला नाही, तर भिंगरीला ठेवून घेता येणार नाही.

मग तिला लहान मुलांच्या थेरपिस्टकडे नेलं. त्या थेरपिस्टबाईंनी तिच्याशी जमिनीवर बसून बराच वेळ खेळून पाहिलं आणि मग आईबापांना समजावलं. मुलगी खोडकर नाही. हलका स्पर्श तिला सहन होत नाही, आणि आपलं अंग नेमकं कुठे आहे हे तिला नीट उमगत नाही, म्हणून ती आदळून ते शोधते. घरी तिला जड कामं द्या, ढकलायची, ओढायची, उचलायची. उशांचा ढीग करून त्यात उड्या मारू द्या. चादरीत गुंडाळून वरून घट्ट दाब द्या. डोकं कायम बाहेर, आणि ती म्हणेल तेवढंच.

हे शेवटचं वाक्य मुकादमाच्या कानावरून गेलं. बाकीचं ऐकून मात्र त्याचा जीव भांड्यात पडला होता. ढकलणं, ओढणं, गुंडाळणं, म्हणजे त्याचा हातखंडाच की. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची; तिला टोमणा मारायला नेम धरावा लागत नसे. "बरं झालं, हमाल घरचाच आहे," ती म्हणाली. "नाहीतर भाड्याने आणावा लागला असता."

कपड्यांच्या टोपलीत जुनी पुस्तकं भरून ती या खोलीतून त्या खोलीत ढकलणं भिंगरीला फार आवडलं. मग मुकादमाने चादर अंथरली. पोरीला कडेला आडवं केलं, हात सरळ अंगालगत, पायाखालची घडी आत, आणि एका हाताने दाबत दुसऱ्याने गुंडाळत गेला. कुठे म्हणून सैल नाही. शेवटचं टोक असं खोचलं की सुटायची बिशाद नाही. फक्त डोकं बाहेर. भिंगरी तत्क्षणी निश्चल झाली. मुकादमाने समाधानाने मोबाइलवर व्हिडिओ काढला.

दुसऱ्या दिवशी चादर दिसताच ती टेबलाखाली शिरली. नव्याची नवलाई उलटी असते काही पोरांना, असं म्हणून त्याने तिला बाहेर काढून गुंडाळलं. ती पुन्हा निश्चल. त्या आठवड्याअखेर शाळेतून फोन आला. फेर धरताना हात पकडणाऱ्या मुलीला भिंगरी चावली होती. आजवर तिने हे कधी केलं नव्हतं.

"गुण चांगलाच येतोय म्हणायचा," बायको म्हणाली, आणि या वेळी तिला चेष्टा जमली नाही.

थेरपिस्टबाईंनी व्हिडिओ पाहिला, मागे नेला आणि एका जागी थांबवला.

"तिचा जबडा बघा कसा आवळलाय," त्या म्हणाल्या. "ही शांत झालेली नाही. अडकलीय."

"पण हललीसुद्धा नाही ती," मुकादम म्हणाला.

"तुमच्या कामात ते चांगलं असेल. हे संपवायचं कधी, ते कोण ठरवत होतं?"

मुकादमाने पडद्याकडे पाहिलं. स्वतःच्या कामावर त्याची नजर पक्की होती, आणि हे काम निर्दोष होतं. फक्त ते कपाटाचं होतं.

"मी," तो म्हणाला. "सामानाला विचारायची सवय नाही मला."

चूक कळल्यावर कपाळाला हात लावून बसणाऱ्यातला तो नव्हता. चादर आता भिंगरीच्या हातात राहू द्या, एवढंच थेरपिस्टबाईंनी सांगितलं. कशी, ते त्याने वाटेत ठरवलं. संध्याकाळी त्याने चादर अंथरली आणि स्वतःच तिच्यावर आडवा झाला. टेबलाखालून दोन डोळे पाहत होते.

"आज मुकादम तू," तो छताकडे बघत म्हणाला. "मी कपाट. बांध मला."

बराच वेळ काही झालं नाही. मग भिंगरी आली, आणि त्या अवाढव्य देहाला खांदा लावून लोटू लागली. लोटता लोटता तिचा चेहरा लाल झाला. अर्ध्यावर तो म्हणाला, "थांब." ती थांबली नाही. तो पुन्हा म्हणाला. ती थांबली, आणि आपल्या हातांकडे पाहत राहिली. मग तो "हं, लोट" म्हणाला, पुन्हा "थांब" म्हणाला, आणि या खेळाचा तिला नादच लागला. कधी लोटायचं, कधी थांबायचं, हे आतलं कपाट ठरवतं, हे तिला पटलं.

बायको कामावरून आली तेव्हा नवरा हनुवटीपर्यंत गुंडाळलेला होता.

"हे कपाट कुठे पाठवायचंय?"

"कुठेच नाही," भिंगरी म्हणाली. "जड आहे."

काही संध्याकाळी अशाच गेल्या. मग एकदा ती आपण होऊन चादरीच्या कडेला झोपली. मुकादमाने हात मागेच ठेवले आणि किती ते विचारलं. तिने कमरेवर बोट ठेवलं. हात बाहेर राहणार होते. त्याने एक वेढा दिला.

"घट्ट," ती म्हणाली. त्याने तळव्यांनी पायांवर दाब दिला. "अजून." दिला. "थांब."

चटका बसल्यासारखे त्याने दोन्ही हात उचलले. ती तशीच पडून राहिली, ओठ सैल, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत. मग लोळत बाहेर आली आणि पुन्हा कडेला जाऊन झोपली.

"सैल राहिलंय डावीकडे," बायको हळूच म्हणाली.

"राहू दे. मालकिणीला चालतंय."

सुट्टी जवळ आली होती. मुकादम शाळेत गेला आणि दोन गोष्टी मागितल्या. एक, भिंगरीला रांगेत शेवटी उभं करा, म्हणजे पाठीमागे कुणी नसेल. दुसरी, वर्ग सुरू होण्याआधी तिला जड काम द्या. आम्ही मुलांना कामाला लावत नाही, असं बाईंनी बजावलं. पण थेरपिस्टबाईंशी फोनवर बोलल्यावर, आठवडाभर बघू, म्हणाल्या.

सोमवारी ठोकळ्यांची पेटी बाहेरच्या वऱ्हांड्यात ठेवलेली होती. भिंगरीने तिला पाठ लावली, मग खांदा, आणि सरसर ढकलत वर्गात नेली. मुलं बाजूला झाली. ती पेटीशेजारी बसली आणि ठोकळे काढू लागली. एक मुलगा मागून येऊन तिच्या अंगावर रेलला. तिला सोडायला आलेला मुकादम दाराशी उभा राहून बघत होता. भिंगरी वळली, तळहात पुढे करून "थांब" म्हणाली. मुलगा बावचळून सरकला, आणि दोघं एकाच पेटीतून ठोकळे काढू लागली.

पुढच्या शुक्रवारी मुकादम तिला घ्यायला गेला, तेव्हा बाई वऱ्हांड्यात पेटी उघडून बसल्या होत्या. जुन्या गोष्टींच्या पुस्तकांचा एक गठ्ठा त्यांनी तळाशी सरकवला.

"सुट्टीनंतर आल्यावर तिला हलकी पडायला नको," त्या म्हणाल्या. "एवढं वजन पुरेल ना हो?"

मुकादमाने पेटीची कड धरून उचलून पाहिली.

"तिलाच विचारू," तो म्हणाला, आणि भिंगरीला हाक मारली.