परत निघालेला खोका

मी पुठ्ठ्याचा खोका बोलतोय. हो, तोच, आतली वस्तू हाती लागली की ज्याला तुम्ही पायानेच खाटेखाली सारता. रागावलो नाही हं! मला माणसांचा राग कमी, कुतूहल फार.

आटगावच्या गोदामात माझ्या पोटात धावण्याचे बूट घातले, चिकटपट्टी मारली आणि मी डोळखांबकडच्या एका पाड्यावर पोचलो. गोजाबाईंच्या लेकीने, मनस्वीने, ते मोबाइलवरून मागवले होते. रविवारी तिची पोलीसभरतीची धाव होती. पण बूट एक नंबर लहान निघाले.

"बदलून मिळतील गो आई," मनस्वी म्हणाली.

"दुकान कुठं हाय त्यांचा?"

"दुकान नाय. बाई नवे घेऊन येल, हे तिला परत द्यायचे."

परत द्यायचे, एवढंच गोजाबाईंनी मनात धरलं. मनस्वी पळायच्या सरावाला गेली तशी त्यांनी मला उघडलं आणि डाव्या बुटात नव्या नाचणीची पुरचुंडी बसवली. हे काय नवीन, मी चाटच पडलो.

शुक्रवारी शहापूरहून स्कूटीवर नवे बूट घेऊन पौर्णिमा आली, सामान पोचवणारी. परतीच्या बुटांचा फोटो कंपनीला पाठवायचा म्हणून तिने डावा बूट उचलला, तर पुरचुंडी सुटली आणि नाचणी माझ्यात सांडली.

"मावशी, आत दुसरं काही निघालं तर बदली होत नाही. नवे बूट मला परत न्यावे लागतील."

मनस्वीचा चेहरा पडला. "आई, काय केलंस गो!"

"दुसऱ्याचा भांडा रिकामा कसा धाडू?"

"रिकामा कुठं? बूट हायत ना!"

"बूट त्यांचेच. आपला काय गेला त्यात?"

गोदामात असलं काही कुणी बोलत नाही.

पौर्णिमाने नाचणी पुन्हा फडक्यात भरली, बूट आपल्या ओढणीने पुसला, फोटो काढून पाठवला. तिघी मोबाइलकडे डोळे लावून बसल्या. माझाही जीव टांगणीला लागला होता. शेवटी बदली मंजूर झाल्याची हिरवी खूण आली! मनस्वीने नवे बूट चढवले आणि अंगणात दोन चकरा मारल्या.

"नाचनी आता तू ने," गोजाबाई म्हणाल्या.

पौर्णिमाने ती जेवणाच्या रिकाम्या डब्यात ओतली आणि फडकं परत करायला हात पुढे केला. हात मध्येच थांबला. तिने पिशवीतला पेरू काढला, फडक्यात बांधला आणि मग दिला. गोजाबाई तोंड भरून हसल्या.

आता मी पुन्हा गोदामात आहे. उद्या मला उघडून चपटा करतील, मग माझा लगदा होईल. त्याचं दुःख नाही. पण माझ्या तळाच्या घडीत सात-आठ दाणे अजून अडकलेले आहेत. मला उघडणाऱ्या दादा, ताई, जे कोणी असाल, दाबण्याआधी ती घडी जरा नखाने उचलून बघा. गोजाबाईंनी तुमच्यासाठी धाडलंय.