इच्छुक नाही

नांदुऱ्यात स्टेशनाकडून बाजाराकडे जाताना एका ट्रस्टचा दवाखाना लागतो. तिथल्या ओपीडीत सकाळी आठपासून जी गर्दी उसळते, तिला वळण लावायचं काम बारा वर्षं महामाया वानखडे करत होती. दारातच टेबल टाकून ती प्रत्येकाचं बीपी, साखर, ताप बघायची आणि ज्याला ताटकळत ठेवणं धोक्याचं, त्याच्या केसपेपरला लाल चिठ्ठी टाचायची. लाल चिठ्ठीवाला सरळ डॉक्टरांपुढे, मग रांगेत गावचा सरपंच का उभा असेना. सुरुवातीला लोक भांडले, नंतर त्यांनाच ते पटलं. ही पद्धत महामायानं बसवली, पण तिला ती बसवू दिली मेट्रन कलाबाई तायडे यांनी. ट्रस्टच्या लोकांपुढे त्याच तिच्या बाजूनं बोलल्या होत्या.

कलाबाई तिच्या आईच्या ओळखीच्या. नर्सिंग शिकून धामणगाव बढ्यात घरी बसलेल्या महामायाला त्यांनीच नांदुऱ्याला आणलं, नोकरीला चिकटवलं, हाताला धरून काम शिकवलं. तिच्या लग्नात विहारात त्या आईच्या शेजारी उभ्या होत्या. चारचौघांत महामाया त्यांना मॅडम म्हणे. दोघीच असल्या की मावशी.

दोन वर्षांपासून कलाबाईंना नीट दिसत नव्हतं. साखरेनं डोळे धरले होते, त्यात मोतीबिंदू. दवाखान्यात हे फक्त महामायाला ठाऊक होतं. ती त्यांना परिपत्रकं वाचून दाखवी, ड्यूटीचा तक्ता लिहून देई आणि कागदावर सहीच्या जागी आपलं बोट ठेवी. बोटाच्या अंदाजानं कलाबाई सही करत.

"मावशी, ऑपरेशन करून घ्या आता."

"करीन, दिवाळीनंतर करीन. रिटायर व्हाले थोडेच दिवस राह्यले. तेवढं निभावून ने बाई."

आणि महामाया निभावून नेत होती.

गेल्या वर्षी ट्रस्टनं संग्रामपूरला नवी ओपीडी काढली. सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसांना एवढ्यातेवढ्यासाठी नांदुऱ्याला यावं लागू नये म्हणून. तिथं परिचारिका प्रमुखाची जागा निघाली. डॉक्टर वाराप्रमाणे बदलणार, पण ओपीडी कशी चालायची ते ही बाई ठरवणार, हाताखाली आठ नर्सेस. जाहिरात वाचताना महामायाला वाटलं, हे आपलंच वर्णन कोणीतरी लिहून काढलंय.

तीन रविवार कलाबाईंनी तिला घरी बोलावून मुलाखतीची तयारी करून घेतली. स्वतःच्या हातची भाकर-भाजी वाढायच्या आणि जेवता जेवता प्रश्न टाकायच्या. "शंभर पेशंट हायेत, डॉक्टर एकच हाये आन् तोही उशिरा येऊन राह्यला. काय करशीन?" महामाया उत्तर देई, त्या मान हलवत. महामायाचा नवरा धम्मरत्न जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यानं संग्रामपूरकडे बदलीचा अर्जही लिहून ठेवला. महामायाचा अर्ज नियमाप्रमाणे मेट्रनमार्फत जायचा होता. कलाबाईंनी तो हातात घेतला, कपाटात ठेवला आणि म्हणाल्या, "आता तू चिंता सोड."

मुलाखतीचं बोलावणं आलंच नाही. अकोल्याची कोणी रेणुका नावाची बाई नेमली, एवढं कळलं.

कलाबाईंनी तिला आपल्या खोलीत घेतलं, दार लोटलं. "वरूनच ठरलेलं होतं, महामाया. तुह्या-माह्या हातात काय हाये?" महामाया त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. त्या तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. दोन दिवसांची सुट्टी दिली, ऑटो बोलावून घरी पाठवलं. त्या संध्याकाळी ती धम्मरत्नला म्हणाली, "मावशी नसत्या तं मी मोडली असती."

चार महिन्यांनी संग्रामपूरहून त्या रेणुकाबाईंचा फोन आला. गर्दी आवरत नाही, तुमची ती लाल चिठ्ठीची पद्धत आमच्या मुलींना शिकवाल का? महामायाच्या मनात कडवटपणा नव्हता असं नाही, पण ती एसटीनं गेली आणि दोन दिवस जीव ओतून शिकवलं. कोणाला आधी बघायचं, ओरडणाऱ्यापेक्षा गप्प बसलेल्या पेशंटकडे आधी का जायचं, नातेवाइकांशी कसं बोलायचं, सगळं. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेताना रेणुकाबाई म्हणाल्या, "सिस्टर, राग मानू नका. एवढं सगळं तुम्हाला येतं, मग ही जागा तुम्ही नाकारली कशाला?"

"मी? मी कुठं नाकारली?"

रेणुकाबाई गोंधळल्या. उठून त्यांनी नेमणुकांची फाईल काढली. "मी रुजू झाले तेव्हा विचारलं होतं, नांदुऱ्यातून कोणीच कसं आलं नाही. तेव्हा मला हे दाखवलं."

एका ओळीचं पत्र होतं. सौ. महामाया वानखडे या कौटुंबिक कारणामुळे सदर पदासाठी इच्छुक नाहीत. टाईप केलेलं. खाली कलाबाईंची सही, पण ती खाली राहिली नव्हती. तिरपी वर चढून 'इच्छुक' या शब्दावरून गेली होती. ती सही करताना तिथं कोणाचं बोट नव्हतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. जागा गेली याचं तिला आता फारसं काही वाटत नव्हतं. ते रडून झालं होतं. पण ज्या बाईनं ते पत्र दिलं, तिच्याच मांडीवर आपण रडलो, आणि तिनं रडू दिलं. केसांतून हात फिरवला. ते आठवून तिनं खिडकीच्या गजावर डोकं टेकलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "गाडी लागते का वं तुले?" महामाया हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताच ती कलाबाईंच्या खोलीत शिरली.

"मावशी, माहा अर्ज तुम्ही काऊन पाठवला नाही?"

कलाबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "कोणं सांगतलं तुले?"

"पत्र पाह्यलं मी. मी इच्छुक नाही म्हून लिहिलं तुम्ही."

कलाबाईंनी समोरचा कागद चाचपडत बाजूला सारला. मग एकदम म्हणाल्या, "तू गेली असती तं मले कोणं वाचून देलं असतं? दोन महिन्यांत घरी बसवलं असतं मले या ट्रस्टवाल्यायनं. तीस वर्सं घातले मी इथं. आन् ही खुर्ची मी तुलेच देणार होती ना!"

"मंग मले सांगाचं. मी थांबली असती."

ते खरं होतं. कलाबाईंनी नुसतं 'जाऊ नको' म्हटलं असतं, तर ती गेली नसती.

"तुम्ही मांगतलं असतं तं मी दिलं असतं, मावशी. तुम्ही चोरलं."

तिनं ट्रस्टचे सचिव महादेवराव यांच्याकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी दोघींना समोर बसवलं. कलाबाई काय बोलतील याचा विचार महामायानं केला होता. माफी मागतील, नाहीतर गप्प बसतील. कलाबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तिनंच मले तोंडी सांगतलं होतं, घरून जमत नाही म्हून. आता पस्तावून राह्यली. लेकरू हाये, मी मनावर घेत नाही."

महामाया त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. भिंतीवर घड्याळ होतं. मॅडमना त्या घड्याळात किती वाजले ते सांगायला लावा, इतकंच म्हणायचं होतं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही. पण दोन वर्षं जे झाकलं, ते असं भर कचेरीत उघडं करायला तोंड उघडेना. महादेवराव म्हणाले, "काही गैरसमज झाला असेल, आपसात मिटवा." आणि दुसरी फाईल ओढली.

तेव्हापासून महामाया फक्त आपल्या टेबलावर बसू लागली. वाचून दाखवणं बंद, लिहून देणं बंद, बोट ठेवणं बंद. कलाबाई टेबलाच्या खणात भिंग ठेवून कसंबसं भागवत असल्याचं तिला दिसत होतं. तिनं बघितलं आणि नजर वळवली.

नवव्या दिवशी इंजेक्शनच्या खोलीतल्या दोन्ही मुली एकाच वेळी सुट्टीवर होत्या, म्हणून कलाबाई स्वतः तिथं उभ्या राहिल्या. तापलेल्या एका पोराच्या कपाळावर पट्टी ठेवा, हे सांगायला महामाया आत गेली, तर समोर रुखमाबाई बसलेली, हाडं वर आलेली सत्तरीची म्हातारी, दंडावरचं लुगडं सरकवून. कलाबाईंच्या हातात इन्सुलिनची सिरिंज होती आणि ती काठोकाठ भरलेली होती. डॉक्टरांनी दहा युनिट लिहिलं होतं. सिरिंजमध्ये चाळीस होतं.

महामायानं कलाबाईंचं मनगट धरलं.

"मॅडम, द्या इकडं. मी देते."

सिरिंज तिनं रिकामी केली, नवी घेतली, दहा भरलं, म्हातारीला दिलं. म्हातारीला काही कळलं नाही. "हलका हात हाये तुहा," म्हणाली आणि गेली. कलाबाई भिंतीला टेकल्या होत्या.

"कोणाले सांगू नको, महामाया. तुह्या पाया पडते."

"सांगावं लागीन."

दुपारी तिनं रिपोर्ट लिहिला. सिरिंजचं लिहिलं, डोळ्यांचं लिहिलं, आणि हे आपल्याला दोन वर्षांपासून माहीत होतं, आपण ते लपवलं, हेही लिहिलं. सही करून ती स्वतः महादेवरावांच्या टेबलावर ठेवून आली.

आठवड्यात कलाबाईंना रजेवर पाठवलं. पुढे त्यांनी राजीनामा दिला. महामायाला मेमो मिळाला, माहिती दडवल्याबद्दल. वर्षभर तिला कुठल्याही वरच्या जागेसाठी अर्ज करता येणार नव्हता. मेट्रनचा चार्ज वॉर्डातल्या एका सिस्टरकडे गेला, महामाया दारातल्या आपल्या टेबलावरच राहिली. दवाखान्यात लोक तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. ऑफिसातला क्लार्क गोकुळ, ज्यानं ते पत्र टाईप केलं होतं, तो तर तोंडावरच म्हणाला, "सिस्टर, चांगला डाव साधला तुम्ही. म्हातारीची नोकरी खाल्ली."

ती आपल्या टेबलाकडे निघून गेली. पण घरी आल्यावर धम्मरत्नला म्हणाली, "तो खोटं बोलला नाही. माह्याशी त्या नीट वागल्या असत्या, तं मी आजही लपवलंच असतं. त्या दिवशी सिरिंज काढून घेतली असती आन् गप्प बसली असती."

"पण लिहिलं ते खरंच होतं ना?"

"खरं होतं. पण मी नर्स म्हून लिहिलं की दुखावलेली बाई म्हून, थे मले सांगता येत नाही."

कलाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन अकोल्याला झालं. एका डोळ्याला दिसू लागलं, दुसरा गेला तो गेलाच. महामाया भेटायला गेली नाही. धम्मरत्न जाऊन आला. ती पोळ्या लाटत होती, तो ओट्याशी येऊन उभा राहिला.

"तुहं विचारलं त्यायनं. बरी हाये का म्हणे. मंग ओपीडीत दारावर आता कोण बसतं, थे विचारलं."

"तुम्ही काय सांगतलं?"

"तूच बसते म्हणलं."

महामायानं पोळी तव्यावर टाकली. जराशानं, त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, "त्या पत्राचं काही बोलल्या?"

"नाही."

पोळी एका बाजूनं करपली, ती तिनं आपल्या ताटात टाकली आणि दुसरी लाटायला घेतली.